तहात हरलो, पण सालबाईला नव्हे

दोन देशांत चार दिवस तोफा धडाडतात, मग शस्त्रसंधी होते आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर दोन्हीकडची माणसं पेढे भरवताना दिसतात. दोघंही जिंकलेले! अशा वेळी आमच्या घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज ठरलेला असतो: "युद्धात जिंकले, तहात हरले." जागावाटपापासून महायुद्धापर्यंत काकांना हे एकच वाक्य पुरतं.

परवा त्यांच्याबरोबर लोणावळा लोकलनं कामशेतला मुंजीला चाललो होतो. वडगाव आलं तसं काकांनी खिडकीबाहेर बोट केलं. "इथं इंग्रजांना शरण आणलं आपण. सतराशे एकोणऐंशी. आणि पुढं सालबाईच्या तहात सगळं घालवलं."

"सगळं म्हणजे काय काय, काका?"

"साष्टी."

"आणि?"

काका गप्प झाले. तेवढ्यात कान्हे आलं, शेंगदाणेवाला डब्यात चढला आणि विषय तिथंच राहिला.

त्या "आणि?"चं उत्तर शोधायला मी घरी येऊन बसलो, त्यातून हा लेख झाला. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२ असं सात वर्षं चाललं. शाळेत ते अर्ध्या पानात उरकतं आणि आपल्या डोक्यात दोनच नावं उरतात: वडगाव म्हणजे विजय, सालबाई म्हणजे माती. माझं म्हणणं जवळजवळ उलटं आहे.

भांडण मुळात कशाचं होतं?

काका-पुतण्याचं. आपल्याकडे बहुतेक मोठी भांडणं तीच असतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. "काका, मला वाचवा" या हाकेतले काका म्हणजे रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा. पुतण्याच्या जागी ते पेशवे झाले खरे, पण नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील वगैरे कारभारी एकत्र आले (यांनाच आपण बारभाई म्हणतो) आणि त्यांनी गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन ठेवलं. १८ एप्रिल १७७४ला मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावानं पेशवाईची वस्त्रं आली. हे सवाई माधवराव. दादांची गादी गेली आणि ती परत मिळवायला ते इंग्रजांच्या दारात जाऊन उभे राहिले.

मार्च १७७५मध्ये सुरतेला करार झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, तिचा खर्च दादांनी सोसायचा आणि बदल्यात साष्टी (म्हणजे आजची मुंबईची उपनगरं आणि ठाण्याचा पट्टा) आणि वसई मुंबईच्या इंग्रजांना तोडून द्यायची. जे आपल्या हातात नाही ते देऊन टाकण्यात दादांचा हात कुणी धरला नसता.

गंमत म्हणजे साष्टी तोवर गेलेलीच होती. गोव्याचे पोर्तुगीज ती परत घ्यायच्या बेतात आहेत, त्यांच्याआधी आपण घेऊ, असं म्हणत इंग्रजांनी डिसेंबर १७७४मध्येच ठाण्याचा किल्ला घेतला. ही तारीख लक्षात ठेवा. काकांशी भांडताना ती लागणार आहे.

जिंकणं मोजायचं कशानं?

आमच्या आळीत एका वाड्याचा दावा सत्तावीस वर्षं चालला. मालकांना भाडेकरू काढायचे होते. खालच्या कोर्टात मालक जिंकले, वरच्या कोर्टात भाडेकरू, त्याच्याही वर पुन्हा मालक. शेवटचा निकाल लागला त्या दिवशी मालकांनी आळीभर बर्फी वाटली. पण तोवर वाड्याची मागची भिंत टेकूवर आली होती आणि निकालाची अंमलबजावणी म्हणजे आणखी दहा वर्षं, असं वकीलच म्हणाले. मग तडजोड झाली. बिल्डर आला, मालकांना दोन मजले मिळाले आणि भाडेकरूंना त्याच इमारतीत वन बीएचके. आता कोण जिंकलं? निकालपत्राला विचारा, मालक म्हणेल. भाडेकरूंच्या सूनबाईंना विचारा, त्या नव्या स्वयंपाकघराचा ओटा दाखवतील.

कोर्टातली एखादी तारीख मारून नेणं म्हणजे लढाई जिंकणं. सगळा दावा म्हणजे युद्ध. आणि शेवटची तडजोड म्हणजे तह. तिन्हींचा विजेता एकच असेल असं नाही. अभ्यासक म्हणूनच युद्धहेतूपासून सुरुवात करतात. युद्धहेतू म्हणजे दाव्यातली मूळ मागणी. मागायला काय आला होतात आणि उठताना हातात काय होतं, एवढंच बघायचं. मधे कुणी किती तोफा डागल्या याचा हिशेब वेगळा.

पुणे दरबारची मागणी साधी होती: राघोबादादा गादीवर नकोत. इंग्रजांची मागणी सांगणं अवघड आहे, कारण इंग्रज एक नव्हते. मुंबईच्या इंग्रजांना साष्टी-वसई हवी होती आणि शनिवारवाड्यात आपल्या उपकाराखाली दबलेला पेशवा. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याचं कौन्सिल बसलं होतं. १७७३च्या कायद्यानं त्यांना मुंबईवर देखरेख मिळाली होती. आम्हाला न विचारता केलेला सुरतेचा करार आम्हाला मान्य नाही, असं त्यांनी कळवलं आणि कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. त्यात इंग्रजांनी दादांना सोडायचं ठरलं, साष्टी मात्र त्यांच्याकडेच राहिली. तेवढ्यात लंडनहून कंपनीच्या संचालकांचं पत्र आलं की सुरतेचा करार उत्तम आहे! एका कंपनीची तीन ऑफिसं आणि तिघांची तीन मतं. ज्यानं आयुष्यात एकदा तरी सरकारी कार्यालयात फाइल फिरवली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. मुंबईकरांनी सोयीचं पत्र धरलं आणि दादांना ठेवून घेतलं.

एकोणीस हजार बैल

नोव्हेंबर १७७८मध्ये मुंबईची फौज दादांना घेऊन पुण्याकडे निघाली. लढणारे सुमारे ३,९०० आणि सामान ओढायला एकोणीस हजार बैल. एका शिपायामागे जवळजवळ पाच बैल झाले. फौजेचा प्रमुख कर्नल एजर्टन, पण निर्णय घ्यायला वर एक समिती. त्या समितीतला मॉस्टिन पुण्यात कंपनीचा वकील म्हणून राहिलेला, म्हणजे प्रदेशाची खडान्‌खडा माहिती असलेला एकमेव माणूस. तो वाटेतच आजारी पडला आणि १ जानेवारीला वारला.

घाट चढल्यावर खंडाळ्याहून तळेगावला यायला या फौजेला दोन आठवड्यांहून जास्त लागले. आज लोणावळ्याहून तळेगावला लोकल पाऊण तासात येते आणि तरी आपण कुरकुरतो. शत्रू एवढ्या संथ येत असेल तर त्याच्यावर तुटून पडायची गरजच काय? महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके समोर उभे ठाकलेच नाहीत. बाजूनं टोचत राहिले, मागची वाट तोडली, पुढचा गवतचारा जाळला. तोफेला दारू लागते, बैलाला वैरण लागते. वैरण संपली की तोफ जागची हलत नाही.

४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. झाडावर चढून टेहळणी करत होता म्हणतात. आपल्या लोकांनी शत्रूच्या या अधिकाऱ्याला "इष्टुर फाकडा" करून टाकलं. स्टुअर्टचा इष्टुर, आणि फाकडा म्हणजे रुबाबदार, शूर. वडगावला त्याची समाधी आहे. कर्नल एजर्टनचं नाव आज मावळात कुणाला विचारा, डोकं खाजवेल.

९ जानेवारीला इंग्रज तळेगावात पोहोचले तर गाव जळून गेलेलं. शत्रूनं नव्हे, आपल्याच फौजेनं पेटवलेलं, म्हणजे दाणागोटा त्यांच्या हाती लागायला नको. चिंचवड पेटवायची तयारी होती आणि वेळ आलीच तर पुणंही. वाक्य लिहून मी क्षणभर थांबलो. शनिवार, कसबा, बुधवार, आपलं सगळं शहर पेटवायचं आणि शत्रूला राख द्यायची, असा तो बेत होता.

दादांनी सांगितलं होतं की आपण दिसलो की सरदार आपल्या बाजूला येतील. एकही आला नाही. पुणं तीस-पस्तीस किलोमीटरवर राहिलं असताना समितीचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान जाळलं आणि फौज गुपचूप मागे फिरली. गुपचूप म्हणजे काय, हजारो बैल आणि जाळाचा उजेड! उजाडेपर्यंत मराठ्यांनी त्यांना गाठलं होतं. कॅप्टन हार्टलीनं पिछाडी सांभाळली म्हणून फौज कशीबशी वडगावात शिरली आणि तिथं पुरती अडकली. १६ जानेवारीला तह झाला.

ताबा दिला आणि चेक घेतला

वडगावच्या तहात इंग्रजांनी काय काय कबूल केलं ते वाचताना छाती फुगते. १७७३पासून घेतलेला सगळा मुलूख परत, साष्टीसकट. दादांशी संबंध तोडायचे. दादा तर महादजींच्या हवालीच झाले. बंगालहून मुंबईकरांच्या मदतीला निघालेली इंग्रज सेनानी गॉडर्डची फौज माघारी पाठवायची. भडोचच्या उत्पन्नातला वाटा महादजींना द्यायचा.

आणि याच्या बदल्यात? अडकलेली सबंध फौज मुंबईला जाऊ दिली. हाती ठेवले दोन इंग्रज ओलीस आणि तो कागद.

घर विकणारा कुठलाही पुणेकर सांगेल की चेक वटल्याशिवाय ताबा द्यायचा नाही. इथं उलटं झालं. फौज हा आपला ताबा होता आणि ठाण्याच्या किल्ल्यावर आपलं निशाण चढेपर्यंत ती वडगावात बसवून ठेवता आली असती. आपल्याला असा तह करायचा अधिकार नाही, हे त्या समितीनं बोलणी सुरू होताना सांगितलंही होतं. सोसायटीच्या चिटणिसानं सर्वसाधारण सभेला न विचारता सही केली तर ती सही सोसायटीवर बांधील का? मुंबई कौन्सिल म्हणालं, नाही. हेस्टिंग्जही म्हणाला, नाही. चेक परत आला. दादांना उत्तरेकडे झाशीला धाडलं, तर तेही वाटेत निसटले आणि सुरतेला गॉडर्डकडे जाऊन बसले.

महादजींची बाजूही समजून घेतली पाहिजे. भोवतालचा मुलूख जाळून ठेवल्यावर इतक्या कैद्यांना खायला काय घालायचं? शिवाय गॉडर्ड मध्य हिंदुस्थानातून येतच होता. माझ्या मते त्यांना इंग्रजांशी स्वतःचा असा एक दरवाजाही उघडा ठेवायचा होता. ते त्यांना पुढं फळलं, दरबाराला मात्र त्या दिवशी महागात पडलं.

"तहात हरलो" हे वाक्य कुठं चिकटवायचंच असेल तर ते इथं चिकटतं. रणांगणावर मिळवलेलं कागदावर गेलं ते वडगावला.

"पण इंग्रज खरंच हरले होते का? त्यांची फौज तर सुखरूप गेली"

इंग्रजांना तसं वाटलं नाही. लंडनच्या संचालकांनी समितीतला कार्नॅक, कर्नल एजर्टन आणि एजर्टनच्या जागी आलेला कॉकबर्न, तिघांनाही नोकरीतून काढलं. हार्टलीचं कौतुक झालं. जिंकलेल्या मोहिमेच्या अधिकाऱ्यांना कुणी घरी बसवत नाही.

मधली दोन वर्षं

ही भरभर सांगतो. १७८० हे वर्ष इंग्रजांचं. फेब्रुवारीत गॉडर्डनं अहमदाबाद घेतलं. ऑगस्टमध्ये पॉपहॅमनं रात्री शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, जो कुणी घेऊ शकेल असं महादजींना स्वप्नातही वाटलं नसेल. डिसेंबरात वसई पडली.

पण नानांनी तोवर वेगळाच पट मांडला होता. निजाम, नागपूरकर भोसले आणि म्हैसूरचा हैदर अली, सगळ्यांनी एकाच वेळी कंपनीवर उठायचं. निजाम बोलण्यापुरता होता आणि भोसल्यांना हेस्टिंग्जनं पैसे चारून गप्प केलं. हैदर मात्र खरंच उठला. जुलै १७८०मध्ये तो कर्नाटकात (तेव्हाच्या, म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या पट्ट्यात) उतरला आणि १० सप्टेंबरला पोल्लिलूरला त्यानं कर्नल बेलीची तुकडी गारद केली. मद्रास हादरलं. अमेरिकेत वसाहतींनी बंड केलेलं, फ्रान्सशी युद्ध चालू, आणि त्यात हे.

१७८१च्या सुरुवातीला गॉडर्डनं पुन्हा पुण्याची वाट धरली आणि बोरघाट गाठला. एप्रिलमध्ये त्याला उतरावं लागलं. हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि होळकरांनी पनवेलपर्यंत त्याची अशी लांडगेतोड केली की त्याची चारशेंहून जास्त माणसं मेली नाहीतर जखमी झाली. पुण्याला यायचा दुसरा प्रयत्नही घाटातच संपला.

सालबाई: कुणाच्या पदरात काय?

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळच्या सालबाई या गावी तह झाला. इंग्रजांकडून डेव्हिड अँडरसन, आपल्याकडून महादजी. सतरा कलमं होती.

इंग्रजांनी सवाई माधवरावांना पेशवा मानलं. राघोबादादांना मदत करणं बंद. त्यांना दरमहा २५,००० रुपये नेमणूक आणि दरबारच्या नजरेखाली राहणं. वसई परत, गुजरातेतला जिंकलेला मुलूख परत. साष्टी आणि मुंबईजवळची काही लहान बेटं इंग्रजांकडे. भडोच महादजींना, आणि त्याचं कारण इंग्रजांनी दिलं ते असं: वडगावला त्यांनी इंग्रजांशी जी माणुसकी दाखवली त्याबद्दल. म्हणजे वडगावचा चेक अगदीच वाया गेला नाही. तो तीन वर्षांनी वटला, पण महादजींच्या खात्यात.

आता मूळ मागणी काढून बघा. दादा गादीवर नकोत, ही दरबारची मागणी होती. दादा कोपरगावला गेले आणि डिसेंबर १७८३मध्ये तिथंच वारले. मागणी पूर्ण मान्य. मुंबईकर इंग्रजांना साष्टी, वसई आणि आपला पेशवा हवा होता. तिनातलं एक मिळालं, तेही युद्धाआधीच खिशात असलेलं. सात वर्षं लढून त्यात इंचाचीही भर पडली नाही. याला मराठीत "ये रे माझ्या मागल्या" म्हणतात.

"पण साष्टी गेली, आणि साष्टी म्हणजेच तर मुंबई!"

काकांचा हा मुद्दा भावनेचा आहे आणि ती भावना मला कळते. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून भाईंदरपर्यंतचा आणि ठाण्याचा सगळा पट्टा. आज ज्याला आपण उपनगर म्हणतो आणि जिथं एका खोलीच्या भाड्यात पुण्यात पूर्वी बंगला आला असता, तो हा. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९मध्ये, ती पोर्तुगिजांकडून रक्त सांडून घेतलेली. मुंबई बेटाला भात, लाकूड आणि मोकळी जमीन तिथूनच मिळायची. ती गेली हे नुकसानच, आणि किती मोठं ते १७८२मध्ये पुण्यात कुणाला दिसलं असेल असं मला वाटत नाही.

पण ती सालबाईला गेली नाही. ती तारीख आठवा: डिसेंबर १७७४. पुरंदरच्या तहात ती परत आली नाही, वडगावला कागदावर आली आणि कागदावरच राहिली. सालबाईच्या टेबलावर आपल्या हातात साष्टी नव्हतीच. जे हातात नाही ते घालवलं कसं म्हणायचं?

"'आपण' म्हणजे कोण?"

हा प्रश्न मुंजीत काकांच्या एका साडूंनी विचारला आणि तो सगळ्यात अवघड आहे. फत्तेसिंह गायकवाडांनी १७८०मध्ये इंग्रजांशी करार केला होता. भोसल्यांनी पैसे घेतले. खुद्द सखारामबापू बारभाईंतले असून दादांशी आतून संधान बांधून होते. मग जिंकलं कोण?

नानांनी गादी वाचवली. पण सालबाईचे जामीन झाले महादजी. दोन्ही बाजू तह पाळतील याची हमी त्यांची. ज्याला दोन्ही भांडकुदळ भाऊ जामीन धरतात, आळीत त्याचा भाव काय होतो ते सांगायला नको. पाठीमागे इंग्रजांची कटकट न उरल्यानं महादजी दिल्लीकडे वळले आणि १७८४मध्ये बादशहाकडून पेशव्यांच्या नावानं वकील-इ-मुत्लक हे सर्वोच्च पद मिळवलं. एका माणसाचं नाव घ्यायचंच तर या युद्धाचे विजेते महादजी.

आणि हरलेला? हैदर. नानांच्या भरवशावर उतरलेला तो. सालबाईत त्याला न विचारता त्याच्या वतीनं कबूल करून टाकलं की तो इंग्रजांचा मुलूख सहा महिन्यांत परत करील. नानांनी तहावर मोहोर उठवायला टाळाटाळ केली, हैदरचा हुकमी पत्ता शक्य तेवढा वेळ हातात धरून ठेवला. ७ डिसेंबर १७८२ला हैदर वारला आणि त्याच महिन्यात नानांनी तह मान्य केला. राजकारण म्हणून चोख, दोस्ती म्हणून वाईट. हेस्टिंग्जला नेमकं हेच हवं होतं: दोन शत्रूंपैकी एक कमी. त्याच्या मापानं तोही जिंकला.

"जिंकलो होतो, तर १८१८ कसं झालं?"

दर चर्चेत हे शेवटी येतंच. दहावीला पहिला आलेला मुलगा पुढं नोकरीत अपयशी ठरला म्हणून त्याचे दहावीचे मार्क खोटे होत नाहीत. घड्याळ कुठं थांबवायचं हे आधी ठरवावं लागतं.

घड्याळ १७८२ला थांबवा, पुणं जिंकलेलं दिसेल. त्यानंतर वीस वर्षं इंग्रजांनी पुण्याशी युद्ध केलं नाही. १७९६ला थांबवा आणि पोटात गोळा येतो. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५मध्ये शनिवारवाड्यात वरून पडून गेले, वय एकवीस. मागे मूल नाही. गादीवर आला तो दुसरा बाजीराव, राघोबादादांचाच मुलगा. सुरतेचा करार झाला तेव्हा तो दोन महिन्यांचा होता. बापाला गादीपासून दूर ठेवायला सात वर्षं लढलो आणि चौदा वर्षांनी मुलगा चालत येऊन बसला.

पण याचा सालबाईशी संबंध काय? एका तरुणाच्या मृत्यूशी आहे. १७९४मध्ये वानवडीला महादजी गेले, १८००मध्ये नाना गेले. १८०२मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला बाजीरावाचा पराभव केला आणि तो पळाला तो वसईला, म्हणजे जी वसई सालबाईत परत मिळवली होती तिथंच. ३१ डिसेंबरला त्यानं इंग्रजांची तैनाती फौज पदरात घेतली, म्हणजे आपल्या दारात त्यांचे पहारेकरी आणि पगार आपला. १७७५मध्ये मुंबईकर इंग्रजांना जसा पेशवा हवा होता तसा त्यांना १८०२मध्ये मिळाला. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकी झाली, १७ तारखेला शनिवारवाड्यावर त्यांचं निशाण चढलं. ते दावे वेगळे, त्यांचे निकाल वेगळे.

बिल कुणी भरलं?

कंपनीच्या तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा हेस्टिंग्जनं बनारसच्या चेतसिंहाकडे आणि अवधच्या बेगमांकडे हात पसरला. पसरला म्हणजे पिरगळला. त्यावरून पुढं १७८८ ते १७९५ अशी सात वर्षं लंडनच्या पार्लमेंटपुढे त्याच्यावर खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. खटलाही युद्धाइतकाच लांबला. तळेगावच्या ज्या घरांची राख झाली त्यांचं कलम सालबाईच्या सतरा कलमांत नाही.

पुढं एकदा लोकलनं पुण्याला परतताना मी काकांना हे सगळं सांगितलं. तळेगावला बसायला जागा मिळाली, चिंचवडला गर्दी झाली, तरी काका शांतपणे ऐकत होते. खडकी आली तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे चेक वटायच्या आत ताबा दिला, असं म्हणायचंय तुला?"

"हो."

"वडगावच्या तहात?"

"हो, काका."

"मग मी तरी दुसरं काय म्हणत होतो?" काकांनी पिशवी उचलली आणि शिवाजीनगरला उतरायला दाराकडे सरकले. "तहात हरलो!"